काँक्रीट उन्हात वाळून पक्कं होत नाही

‘स्लॅब भर उन्हाळ्यात टाकावा, लवकर वाळतो आणि पक्का होतो’ हा संदेश बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांतही बरीच वर्षं फिरतोय. माती वाळून कडक होताना आपण पाहतो, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे.

पण सिमेंट घट्ट होतं ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे. म्हणूनच पाण्याखाली ओतलेला पुलाचा पायाही मजबूत होतो. पाणी आधीच उडून गेलं, तर क्रिया अर्धवट राहते, पृष्ठभागावर तडे जातात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो, तेव्हा तर जास्तच जपायला हवं. काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानक ४५६ (IS 456) प्रमाणे कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवायचं असतं.

गोत्री-भायलीकडे टॉवरमध्ये फ्लॅट घेताय? साइटवर दुपारी जा. स्लॅबवर आळी करून पाणी साठवलंय का, खांबांना ओली गोणपाटं गुंडाळलीत का, ते बघा. (कधी त्याऐवजी ओल टिकवणारं क्युरिंगचं रसायन मारतात, तेही चालतं.) काँक्रीटचं मिश्रण पुरेसं मजबूत आहे का, याचा पुरावा क्यूब टेस्टचा. त्याच काँक्रीटचे १५० मिमीचे ठोकळे २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. आपल्या मजल्याचा तो अहवाल साइट इंजिनिअरकडे निःसंकोच मागा.