गुलाल उधळल्यानंतरचा अर्ज

कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात मराठी उमेदवार निवडून आला की रस्ता गुलालाने लाल होतो, आणि काही दिवसांनी त्याच रस्त्याने एखादी आजी जमिनीचा उतारा पिशवीत घालून, त्यातला कन्नड मजकूर वाचून देणारे कोणी भेटेल का, हे शोधत निघते. भाषेची ही अडचण आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येणारा वंशभेद या एक गोष्टी नव्हेत. भाषा शिकता येते, कातडीचा रंग बदलता येत नाही. तरीही आपल्यातला एक जण वर पोहोचला म्हणजे सर्वांची वाट मोकळी झाली का, हा प्रश्न सीमाभागातल्या वाचकाला परका वाटू नये.

अमेरिकेत बराक ओबामा २००८ मध्ये निवडून आले, तेव्हा अनेकांनी त्याचे उत्तर ‘होय’ असे दिले. इतिहास मात्र सावध करतो. मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय नेते १८७० मध्येच सेनेटवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, गेले होते. पुढे १८९० च्या राज्यघटनेत त्याच राज्याने कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी मतदानावर कर लावला आणि घटनेचे कलम वाचून दाखवण्याची किंवा त्याचा अर्थ सांगण्याची अट घातली. १८८१ नंतर थेट १९६७ पर्यंत सेनेटमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता.

मग अडथळा मोजायचा कसा? संशोधकांची युक्ती साधी आहे : शिक्षण आणि अनुभव सारखाच दाखवून नोकरीचे अर्ज पाठवायचे, बदलायचे ते फक्त नाव. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बॉस्टन व शिकागो येथे असे सुमारे ५,००० अर्ज पाठवले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गोऱ्या वळणाच्या नावाला साधारण १० अर्जांमागे एक बोलावणे आले, तर कृष्णवर्णीय वळणाच्या नावाला १५ अर्जांमागे एक. ओबामांच्या दोन्ही कारकिर्दी संपल्यावर, २०१९ ते २०२१ या काळात, अशाच दुसऱ्या प्रयोगात मोठ्या कंपन्यांकडे सुमारे ८३,००० अर्ज गेले. तेव्हा तफावत शंभर अर्जांमागे सुमारे दोन बोलावण्यांची निघाली. शिवाय कृष्णवर्णीय नावांच्या हुकलेल्या बोलावण्यांपैकी जवळपास निम्मी एक-पंचमांश कंपन्यांतच हुकली होती. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण अडथळा सर्वत्र सारखा पसरलेला नसून तो ठरावीक दारांशी अधिक साचलेला आहे, हे त्यातून दिसते.

आपल्याकडेही दलित समाजातले के. आर. नारायणन १९९७ मध्ये राष्ट्रपती झाले. तरी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांना असे आढळले की, खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना तेवढ्याच पात्रतेचे अर्ज केल्यावरही दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावापेक्षा कमी राहते.

कारण मतमोजणीत माणसांची बेरीज होते, तर अर्ज एकट्याचा असतो. मराठी वस्ती दाट असलेल्या प्रभागातून मराठी नगरसेवक निवडून येतो, ते त्या वस्तीच्या संख्याबळावर. मुलाखतीला गेलेल्या मुलीच्या पाठीशी ते बळ नसते. बेळगावात हे तपासायचे असेल, तर गुण सारखे, कन्नडही सारखेच चांगले, पण एक उमेदवार मराठी माध्यमाच्या शाळेतला आणि दुसरा कन्नड माध्यमाच्या, असे दोन अर्ज एकाच टेबलावर पोहोचवावे लागतील, आणि तेही एकदा नव्हे, शेकडो वेळा.