कोणता राग, की कोणता ठेका? मेंदूविकार असलेल्या मुलांच्या पुनर्वसनात संगीत आलं कुठून

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं) किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलाच्या आईवडिलांना कुणी ‘म्युझिक थेरपीही करून बघा’ असं सुचवलं, की वडोदऱ्यातल्या मराठी घरांत पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: कोणता राग लावायचा? प्रश्न साहजिक आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या घरांत पेटी-तबला नवा नाही आणि राग ऐकून आजार बरा झाल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण या उपचाराचा गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास या प्रश्नापासून बराच पुढे गेला आहे. आधी रुग्णाला गाणं ऐकवायचं, मग मुलानं स्वतः गायचं-वाजवायचं, आणि पुढे ठेक्याच्या आधारानं पाऊल टाकायचं, शब्द उच्चारायचा, असा तो प्रवास झाला. पालकांनी तो समजून घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण पैसे आणि त्याहून मोलाची लहानपणीची वर्षं यात खर्ची पडतात.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी घर कसं उभारावं आणि तिथे काय काय असावं, हे सांगितलं आहे. त्यात स्वयंपाकी आहेत, अंग रगडणारे आहेत, औषधं कुटणारे आहेत आणि त्यांच्याच रांगेत गाण्या-वाजवण्यात, श्लोक-गाथा-आख्यायिका सांगण्यात कुशल असलेली माणसंही आहेत. गाण्याला तिथे औषधाची जागा दिलेली नाही, शुश्रूषेत दिली आहे. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेला शार्ङ्गदेव संगीतावरचा आपला मोठा ग्रंथ नादाने सुरू करतो आणि लगेच गर्भ कसा वाढतो, शरीर कसं घडतं, याकडे वळतो. त्याच्या घराण्यात वैद्यक होतं आणि तो स्वतःही त्यात जाणकार होता. आवाज शरीरातून निघतो, म्हणून आधी शरीर समजून घ्या, असा त्याचा सरळ हिशेब दिसतो.

नंतरच्या काळात मात्र गोष्टींनी जागा व्यापली. दीपक रागाने अंगाचा दाह झालेला तानसेन आणि तो दाह शमवणारा वडनगरच्या ताना-रीरी या बहिणींचा मल्हार गुजरातेत सगळ्यांना ठाऊक आहे. कथा म्हणून ती सुंदर आहे. पण तिच्यावरून ‘अमुक आजाराला अमुक राग’ अशी कोष्टकं तयार झाली, आणि मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या बाबतीत त्या कोष्टकांना आधार नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

वडोदऱ्याचा या विषयाशी संबंध गोष्टींपेक्षा जास्त ठोस आहे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने 1886 मध्ये दरबारी गायक-वादक मौलाबक्ष यांनी इथे गायनशाळा सुरू केली. दरबारात कलावंत कारखाना होताच, पण तो राजाश्रयाच्या कलावंतांसाठी. गायनशाळेने सामान्य घरातल्या मुलांना वर्गात बसवून, स्वरलिपी लिहून, टप्प्याटप्प्याने गाणं शिकवायला घेतलं. संगीत ही घराण्याची मिरास नाही, कोणत्याही मुलाला ते पायरीपायरीने देता येतं, हा विचार त्यामागे होता. 1916 मध्ये पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद वडोदऱ्यातच भरली, ती याच वातावरणात. मौलाबक्ष यांचे नातू इनायत खान इथेच 1882 मध्ये जन्मले, गायनशाळेतच शिकले आणि 1910 मध्ये अमेरिकेला गेले. पुढे सूफी गुरू म्हणून ते पाश्चात्त्य देशांत नाद आणि आरोग्य यांवर व्याख्यानं देत राहिले. त्यांचं विवेचन आध्यात्मिक होतं. रुग्णालयातल्या उपचारपद्धतीचा उगम त्यात शोधू नये. तो वेगळ्याच ठिकाणी झाला.

तो झाला युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या वॉर्डांत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांत वादक येऊन वाजवत. त्याचा रुग्णांवर होणारा परिणाम डॉक्टरांना दिसत होता, पण रुग्णाचं काय करायचं याचं शिक्षण वादकांकडे नव्हतं. त्या गरजेतून 1944 मध्ये मिशिगन स्टेट कॉलेजात संगीतोपचाराचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि 1950 मध्ये संगीतोपचारकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. इंग्लंडमध्ये चेलोवादक ज्युलिएट आल्व्हिन यांनी 1958 मध्ये अशीच संस्था काढली.

मुलांच्या बाबतीतलं खरं वळण 1959 चं. पॉल नॉर्डॉफ हे अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष मुलांचे शिक्षक इंग्लंडमधल्या सनफील्ड या निवासी संस्थेत एकत्र आले. नॉर्डॉफ पियानोवर बसत आणि मूल जे करेल त्याला सूर देत. मूल रडलं तर रडण्याच्या पट्टीत, डुललं तर डुलण्याच्या लयीत. रॉबिन्स मुलाजवळ बसून त्याच्या हातात टिपरी देत, ढोल पुढे सरकवत. मूल एकदा ढोलावर मारे, पियानो त्याला उत्तर देई, मूल थबके, पुन्हा मारे. इथे रुग्ण श्रोता राहिला नाही. आपण केलेल्या आवाजाला जगाकडून उत्तर येतं, हे त्या मुलाला कळू लागलं.

स्वमग्नतेच्या इतिहासात संगीत तर पहिल्या पानापासून आहे. स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन करणारे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांची वर्णनं लिहिली. त्यांतला पहिला मुलगा वयाच्या पहिल्या वर्षीच अनेक चाली अचूक गुणगुणत असे, अशी नोंद आहे. बोलणं अडलेलं असताना गाणं शाबूत असू शकतं, हे निरीक्षण पुढे फार कामाला आलं.

आता चालण्याकडे येऊ, कारण मला हा भाग सगळ्यात भक्कम वाटतो. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात एक साधा प्रश्न विचारला: ठोक्यामुळे स्नायूंचं काम बदलतं का? आधी पक्षाघात आणि पार्किन्सनचे प्रौढ रुग्ण, मग सेरेब्रल पाल्सीची मुलं, असा अभ्यास झाला. कानावर ठराविक अंतराने ठोका पडत राहिला की मेंदू पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज बांधतो आणि त्या क्षणासाठी स्नायूंची तयारी आधीच सुरू करतो. ऐकण्याचे आणि हालचालीचे मेंदूतले मार्ग एकमेकांशी घट्ट जोडलेले आहेत. म्हणून ठोका इथे करमणूक नसतो, पावलाचं वेळापत्रक असतो. मेंदूतून पायांकडे जाणाऱ्या मार्गांना इजा झालेल्या, पाय ताठर असलेल्या मुलाला अडचण येते ती नेमकी या वेळेची: कोणता स्नायू कधी आवळायचा आणि कधी सोडायचा.

प्रत्यक्षात काम कसं चालतं ते जवळून बघा. वॉकर धरून चालणारी मुलगी आहे, पायांत स्प्लिंट आहेत. फिजिओथेरपिस्ट आधी ठोक्याशिवाय तिला चालवते आणि मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजते. समजा 60. मग ठोकाही 60 चाच लावायचा, जास्त नाही. तबलजी असेल तर केरवा धरतो: आठ मात्रांत पहिलीवर एक पाऊल, पाचवीवर दुसरं. धा जोरकस, म्हणजे पाऊल कुठे टेकायचं ते ऐकू येतं. पावलं ठोक्यावर बसली की गती पाच-दहा टक्क्यांनी वाढवायची, 63, 66. पाऊल लांब होतंय का, टाच टेकतेय का, दोन्ही पायांवर सारखा वेळ जातोय का, हे बघत राहायचं. शेवटी ठेका हळूहळू काढून घ्यायचा आणि चाल टिकते का ते पाहायचं. तबलजीने उत्साहाच्या भरात लय चढवली किंवा तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घेतली की मुलीचं पाऊल चुकतं. इथे वादकाने आपलं कसब आवरावं लागतं. मला ते मैफलीच्या वादनाइतकंच अवघड वाटतं.

हातांसाठी हेच तत्त्व वेगळ्या रीतीने वापरतात. अंगठा मुठीत दुमडून घेणाऱ्या मुलासमोर खंजिरी धरायची, पण थोडी उंच आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे मनगट वर उचलल्याशिवाय आणि हात छातीच्या मध्यरेषेपलीकडे नेल्याशिवाय ती वाजणार नाही. ‘हात वर कर’ असं वीस वेळा सांगून जे होत नाही, ते खंजिरी वाजवायच्या ओढीने होतं. वडोदऱ्याला हे परकं वाटायचं कारण नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न माणिकरावांनी लेझीम आणि सांघिक कवायतीला शिस्त लावली, आणि तेच माणिकराव हाडं बसवण्यासाठीही प्रसिद्ध होते. शरीर तालावर घडतं, हे या गावाच्या आखाड्याला माहीत होतं.

बोलण्याची कथा बोस्टनची. 1973 मध्ये तिथल्या संशोधकांनी वाचा गेलेल्या प्रौढ रुग्णांना दोन सुरांत वाक्य गुणगुणायला लावलं, सोबत हाताने ठोका द्यायला लावला, आणि गाण्यातून पुन्हा बोलण्याकडे आणण्याची पद्धत मांडली. त्याच धाग्यावर 2011 मध्ये बोस्टनमध्येच सहा न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांबरोबर प्रयोग झाला. सुरात लावलेल्या दोन ड्रमांवर दोन्ही हातांनी ठोके देत शब्द सुरात म्हणायचे, अशी चाळीस सत्रं झाली. मुलांच्या उच्चारांत सुधारणा दिसली. सहाच मुलं होती, त्यामुळे निष्कर्षही तेवढ्याच बेताने घ्यायचा.

घरी याचं सोपं रूप करता येतं. आजी पावसाचं बडबडगीत म्हणत असते, नातू मांडीवर डुलत असतो.

“आजी, शेवटचा शब्द तुम्ही म्हणू नका,” थेरपिस्ट ताई सांगते. “तिथे थांबा.”

“आणि नाही म्हटला तर गं?”

“तरी थांबा. मनात चार मात्रा मोजा, मगच म्हणा.”

आजीला त्या चार मात्रा जड जातात. लाडक्या नातवापुढे गप्प राहणं सोपं नसतं. पण ओळखीची चाल अर्धवट राहिली की मुलाला ती पुरी करावीशी वाटते, आणि कधी नुसता ओठांचा आकार, कधी शेवटचं अक्षर बाहेर येतं. आपल्याकडच्या बडबडगीतांत यमक घट्ट असतं, ओळी आखूड असतात, चाल दोन-तीन सुरांत फिरते. या कामाला ती फार योग्य आहेत.

पुराव्याबद्दल मात्र आशा आणि हिशेब दोन्ही हवेत. नऊ देशांतल्या चार ते सात वर्षांच्या 364 स्वमग्न मुलांवर झालेला मोठा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच महिने मुलांसोबत उत्स्फूर्त वादन-गायनाची सत्रं झाली, पण सामाजिक लक्षणांची तीव्रता नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणीय कमी झाली नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय पुरावे एकत्र करून तपासणारी संस्था; तिच्या 2022 च्या आढाव्यात 26 अभ्यासांतल्या 1165 जणांची माहिती एकत्र केली गेली. त्यात एकंदर सुधारणा आणि जीवनमान यांबाबत फायदा संभवतो असं दिसलं, बोलण्यातला फरक मात्र स्पष्ट झाला नाही. म्हणजे ‘गाण्याने स्वमग्नता जाते’ असं सांगणारा माणूस चुकीचं सांगतो आहे. ‘काहीच होत नाही’ म्हणणाराही घाई करतो आहे. आणि मोत्सार्टचं संगीत ऐकून बुद्धी वाढते, असा समज ज्यावरून पसरला त्या 1993 च्या गाजलेल्या प्रयोगात मुलं नव्हतीच, महाविद्यालयीन तरुण होते, आणि परिणाम काही मिनिटं टिकला होता. त्याच्या नावावर तान्ह्या बाळांसाठी विकली गेलेली ध्वनिमुद्रणं हा निव्वळ बाजार होता.

धोकेही आहेत. विशिष्ट संगीताने फिट येण्याचा एक दुर्मिळ प्रकार क्रिचली या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञाने 1937 मध्येच नोंदवला. म्हणून फिट येणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी न्यूरॉलॉजिस्टशी बोलायचं. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना मोठा आवाज सोसवत नाही. नवरात्रात आपल्या गावातल्या गरब्याचे लाउडस्पीकर त्यांना अक्षरशः दुखवतात. तोच गरबा घरात, टाळ्यांवर, दोन-तीन माणसांत केला तर तीन टाळ्यांचा तो ठेका पाऊल आणि हात एकत्र आणण्यासाठी उत्तम साधन आहे.

आपल्या देशातली पुनर्वसनाची चौकट तशी तरुण आहे. मुंबईत मिथू अलूर यांनी 1972 मध्ये स्पास्टिक्स सोसायटी काढली, तोवर सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना शाळेची दारं जवळपास बंदच होती. मग 1992 चा पुनर्वसन परिषदेचा कायदा, 1999 चा राष्ट्रीय न्यासाचा, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा. 2013 पासून जिल्ह्याजिल्ह्यांत बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहू लागली. त्यांच्या आराखड्यात फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक आहेत. संगीतोपचारक नाही, आणि पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीतही त्याचा वेगळा वर्ग नाही.

वडोदऱ्यात हे अधिकच बोचतं. गायनशाळेचा वारसा आज सूरसागरजवळच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत चालू आहे, मेडिकल कॉलेज 1949 पासून आहे, आणि दोन्ही एकाच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे भाग आहेत. तबल्याचे विद्यार्थी आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी एका सत्रापुरते जरी नियमित एकत्र बसले, तरी वर सांगितलेलं केरव्याचं काम इथे उभं राहू शकतं.

तोवर, नोंदणीची चाळणी नसल्यामुळे, चौकशीची जबाबदारी पालकांवर येते. तुमचं मूळ शिक्षण काय, माझ्या मुलासाठी उद्दिष्ट कोणतं, ते कशाने आणि किती आठवड्यांनी मोजणार, मुलाच्या फिजिओथेरपिस्टशी तुमचं बोलणं होतं का, हे पहिल्याच भेटीत विचारा. फिजिओथेरपी, स्पीच थेरपी किंवा फिटांची औषधं बंद करायला कुणी सांगितलं, तर तिथून उठून या.