जीपगाडीचे रूपांतर, व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी

पायांतले बळ गेलेल्या व्यक्तीला डोंगरवाटेची फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी) गाडी स्वतः चालवता यावी, किंवा निदान तिच्यातून सुखरूप जाता यावे, म्हणून गाडीत केलेले फेरबदल. हाताने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर चालवण्याची सोय शहरातल्या मोटारींतही करतात. डोंगरी गाडीची अडचण निराळी आहे. खडकाळ वाटेवर चालक सारखा खाली उतरत असतो: चाकामागे दगड लावतो, ओढ्याचे पाणी काठीने अजमावतो, टायरची हवा कमी करतो, रुतलेले चाक उकरतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला हे जमत नाही, कारण चिखलात खुर्चीच चालत नाही. हाताने ब्रेक लागला की रूपांतर झाले, असे समजणारे गॅरेज इथेच चुकते. इतर जण उतरून जे करतात त्यातले काय बसल्या जागी होईल आणि काय मुळातच टाळायचे, हे आधी ठरवावे. पाना त्यानंतर हातात घ्यावा.

सातारा जिल्ह्यात अशी गाडी हौसेपेक्षा गरजेची जास्त. जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांतल्या कित्येक वाड्या डांबरी रस्त्यापासून आत आहेत. कराडकडच्या काळ्या मातीत उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या पावसाळ्यात पाण्याने भरतात आणि त्यांची खोली वरून कळत नाही. कास, ठोसेघरच्या बाजूला जांभा. शेवाळ धरले की तो साबणासारखा. अपशिंगे (मिलिटरी) सारखी गावे असलेला हा सैनिकांचा जिल्हा आहे. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पण तिथून गावी परतलेल्याला स्वतःच्या रानात जायचे तर वाट पाणंदीचीच असते. कासच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) मात्र चाक घालायचे नाही. तो २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे, आणि तिथली मातीची पापुद्र्याएवढी थर एकदा उखडली की लवकर भरत नाही.

गाडीची निवड

पहिली अट ऑटोमॅटिक गिअरची. महिंद्रा थार (तीन दारी) आणि मारुती जिम्नी या दोन्हींत ऑटोमॅटिक गिअर व फोर-बाय-फोर एकत्र मिळतात. खेडोपाडी जास्त दिसणारी बोलेरो किंवा जुनी जिप्सी यांत हाताचाच गिअर. त्यांना ऑटो-क्लचचा (क्लच आपोआप दाबणारा) संच बसवता येतो आणि सपाट रस्त्यावर तो चालतोही. पण चढावर अर्ध्या क्लचवर गाडी रेटावी लागली की क्लचप्लेट जळते. शिवाय एक हात स्टिअरिंगवर, दुसरा ब्रेकवर, मग गिअर टाकायला तिसरा कुठून आणायचा? शेतापुरत्या वापरालाही हा मार्ग सुचवण्यासारखा नाही.

तीन दारी गाडीचे पुढचे दार लांब असते, त्यामुळे खुर्ची सीटच्या जवळ तिरकी लावता येते. पाच दारी गाडीत पुढचे दार आखूड आणि मधला खांब पुढे येतो; गुडघे वळवताना तो आडवा येतो. परदेशात व्हॅनचा तळ कापून खाली घेतात आणि माणूस खुर्चीसकट आत जातो. शिडीसारखी चॅसी असलेल्या जीपगाडीत ते होत नाही, तळाखालून फ्रेम आणि शाफ्ट जातात. खुर्चीवरच बसून जायचे तर आत सुमारे १४० सेंमी. उंची लागते. म्हणून चालकासाठी एकच रीत उरते: खुर्चीवरून गाडीच्या सीटवर सरकायचे आणि खुर्ची मागे ठेवायची.

चढणे आणि उतरणे

गादीसकट खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ५० सेंमी., जीपची सीट पाऊण मीटरच्या वर. सरकफळी (खुर्ची आणि सीट यांच्यामध्ये पुलासारखी टाकायची फळी) पाच-सात सेंमी. फरकापर्यंत उपयोगी, त्यापुढे ती घसरगुंडी होते. उरलेली उंची दोन तऱ्हांनी भरून काढतात. पहिली, दाराच्या मधल्या खांबाशी किंवा सीटच्या कडेला घडीची बैठक बसवायची. ती १२ व्होल्टच्या ॲक्चुएटरवर (विजेवर लांब-आखूड होणाऱ्या दांड्यावर) खुर्चीच्या उंचीपासून सीटच्या उंचीपर्यंत चढते. दुसरी, दाराबाहेर फिरून खाली येणारी सीट. ही जास्त सोयीची वाटते, पण तिच्या यंत्रणेने बसण्याची उंची वाढते आणि डोके छपराला लागते. खडबडीत वाटेवर तर हमखास. शेतात, डोंगरात जाणाऱ्या गाडीला पहिलीच तऱ्हा बरी. माणूस ८० किलोचा असला तरी ॲक्चुएटर आणि त्याचा ब्रॅकेट किमान दुप्पट भाराचा घ्यावा, कारण वजन कधीच मधोमध पडत नाही. बॅटरी बसली तर बैठक हाताने खाली आणता आली पाहिजे. ही हाताची सोय नसलेला संच स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

पायरी म्हणून लावलेला आडवा पाइप आधी काढून टाकावा. तो खुर्चीला वीतभर लांब ठेवतो आणि ती वीत अंगावर बेतते. गाडी उंच करण्याची हौसही आवरावी. स्प्रिंगखाली ५ सेंमी. चढवले की प्रत्येक चढ-उतारात तेवढे जास्त उचलावे लागते. हाताने धरायचे कडे दोन हवेत: पुढच्या खांबावर ओढून घ्यायला आणि छपराच्या कडेला तोल सावरायला. कडे पत्र्यात स्क्रूने न बसवता आतून पट्टी देऊन बोल्टने आवळावे.

उघड्यावर एक साधी युक्ती कामाला येते. उतारावर गाडी आडवी लावताना चालकाचे दार वरच्या अंगाला ठेवले की खुर्ची उंचावर येते आणि फरक कमी होतो. अशा वेळी दार आपल्या वजनाने मिटते, म्हणून त्याला अडकवायचा पट्टा हवा.

हाताची नियंत्रणे

साधा आणि टिकाऊ प्रकार म्हणजे स्टिअरिंगखाली एक दांडा: पुढे ढकलला की ब्रेक, आणि खाली दाबला, ओढला किंवा मूठ पिळली की ॲक्सिलरेटर. दांड्यापासून दोन सळया पेडलपर्यंत जातात. खराब वाटेसाठी ओढून वेग वाढणारा प्रकार टाळावा. धक्का बसला की धड मागे जाते, हात दांडा ओढतो, गाडी उसळते, आणि त्या उसळीने धड पुन्हा मागे जाते. लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) जरासा वेगही चाकांवर मोठा जोर आणतो, त्यामुळे ही उसळी तिथे सर्वांत वाईट. खाली दाबायचा किंवा पिळायचा प्रकार यातून बऱ्यापैकी वाचवतो. दाबायच्या प्रकारात कोपर मांडीवर किंवा दारावरच्या टेकणीवर ठेवले की हात स्थिर राहतो.

दांडा उजव्या हाताला, स्टिअरिंग एका हाताने फिरवण्यासाठी त्यावर बसवलेली मूठ डाव्या हाताला. आपल्याकडे गिअर, हँडब्रेक आणि फोर-बाय-फोरचा दांडा डावीकडे असतात. चढावर थांबून लो रेंज टाकायची तर उजव्या हाताने ब्रेक धरून डावा हात मोकळा होतो. उलट बसवले तर गिअरला हात घालायला ब्रेक सोडावा लागतो आणि गाडी मागे सुटते. डावा हातच बळाचा असेल तर ब्रेक धरून ठेवणारी कळ दांड्यावर हवीच. फोर-बाय-फोरचा दांडा बसल्या जागी ओढायला पाठीचा जोर लागतो. धडावर ताबा नसलेल्याचा हात पोचतो, जोर पोचत नाही. त्यावर आडवी मूठ वेल्ड करून लांबी वाढवतात आणि वाट खराब होण्याआधीच, सपाटीवर, रेंज बदलून ठेवतात.

पायाच्या ब्रेकची चाचणी ५०० न्यूटनपर्यंतचा जोर धरून होते. हाताला तेवढा जमत नाही. तरफेचे गुणोत्तर ३:१ ठेवले की सुमारे १७० न्यूटन, म्हणजे १७ किलोंच्या आसपास ढकलणे पुरते. गुणोत्तर वाढवले तर जोर कमी लागतो पण दांड्याची हालचाल लांबते आणि शेवटच्या टप्प्यात हात सरळ होऊन ताकद संपते. इंजिन बंद पडले की ब्रेकचा बूस्टर (ब्रेक दाबायला मदत करणारी यंत्रणा) दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि स्टिअरिंगही जड पडते. म्हणून उतारावर इंजिन बंद पडल्यास पहिलाच ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, पंप करत बसायचे नाही.

आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला वायर नसते, पेडलवर सेन्सर असतो. त्याच्या दोन वेगळ्या सिग्नलवायरी कापून मध्ये हाताने चालवायचा पोटेन्शिओमीटर (फिरवून सिग्नल कमी-जास्त करणारा भाग) जोडण्याचा मोह होतो. दोन सिग्नल जुळले नाहीत की गाडी लिंप मोडमध्ये जाते (बिघाड समजून इंजिन आपली ताकद आवरते), आणि नेमकी चढावर. पेडलला सळईने दाबणारा संच सेन्सरला हातच लावत नाही.

संच बसवताना स्टिअरिंग वर-खाली करण्याची कळ एका जागी पक्की करावी, नाहीतर सळयांची लांबी बदलते. अपघातात दबत जाणारा स्टिअरिंगचा खांब ब्रॅकेटने अडवू नये. एम-८ जाडीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटरने आवळावेत, नायलॉनच्या नटांसह. पहिल्या १०० किमी. नंतर सगळे पुन्हा तपासायचे. खडबडीत वाटेवर ते सैल झालेले सापडतातच. पेडलांवर पाय आडवा जाऊ नये म्हणून पत्र्याची ढाल हवी. पायाला अचानक झटके येत असतील तर तिच्याशिवाय गाडी चालू करू नये.

स्टिअरिंगवरची मूठ एअरबॅगच्या झाकणापासून दूर, स्टिअरिंगच्या गोल कड्यावरच असावी आणि एका झटक्यात निघणारी असावी. चाकोरीतून बाहेर पडताना कडे फिरते, मूठ मनगटावर आदळते.

धड, कातडी आणि हवा

छातीच्या मध्यापासून वर इजा झालेल्याला वळणावर धड सावरता येत नाही. नेहमीचा पट्टा ताणलेल्या अवस्थेत अडकेपर्यंत माणूस कलंडलेला असतो. बाजूच्या दोन टेकण्या आणि छातीवरून जाणारा, एका हाताने सुटणारा वेगळा पट्टा लागतो. हा पट्टा मूळ सीटबेल्टला पर्याय नाही.

पायांना स्पर्श कळत नसेल तर गिअरबॉक्सच्या बोगद्याची गरमी फोड आणते आणि घरी गेल्यावरच ती दिसते. तिथे उष्णतारोधक चादर लावावी. हवेची गादी वापरणाऱ्यांनी घाटाचा विचार करावा. महाबळेश्वर १,३७२ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सातव्या भागाने कमी. वर योग्य भरलेली गादी आंबेनळी घाटातून पोलादपूरला उतरेपर्यंत बसलेली असते आणि बूड थेट फळीला टेकते. उलट चढताना ती फुगून कडक होते. घाट संपला की हात घालून पाहणे आणि हवा सोडणे किंवा भरणे ही सवयच हवी. लघवीच्या पिशवीची नळी पट्ट्याखाली दबलेली नाही ना, हेही त्याच थांब्यावर पाहावे. वरच्या पातळीच्या इजेत ती तुंबली तर रक्तदाब अचानक चढू शकतो.

खुर्ची ठेवणे

इस्पितळातली घडीची लोखंडी खुर्ची १६ ते २० किलोंची असते. ती बसल्या जागेवरून एकट्याने आत ओढता येत नाही. झटक्यात निघणाऱ्या चाकांची, घडी न होणारी हलकी फ्रेम चाके काढून अंगावरून शेजारच्या सीटवर टाकता येते. मागे छोटी क्रेन लावतात, पण गाडी तिरकी असली की तिचा हात खालच्या बाजूला झुलतो, म्हणून दोरीने आवरावा लागतो. छपरावर खुर्ची चढवणारी पेटी फांद्यांत अडकते आणि तोल वर नेते. काहीही केले तरी खुर्ची बांधलेली हवी. टकरीच्या प्रमाणित चाचणीत, ताशी ४८ किमी.ला, २० पट गुरुत्व धरतात. म्हणजे १८ किलोची खुर्ची ३६० किलोच्या जोराने पुढे येते. माणूस खुर्चीतच बसून प्रवास करणार असेल तर टकरीची चाचणी झालेली खुर्ची आणि ती तळाला बांधणारे चार पट्टे लागतात. पुढचे ४० ते ६० अंशांत, मागचे ३० ते ४५ अंशांत.

वीज

ॲक्चुएटरला २० अँपिअर लागले आणि बॅटरीपासून अंतर ४ मीटर असले तर २.५ चौ. मिमी. वायरीत सव्वा व्होल्टच्या आतबाहेर घट होते आणि बैठक अर्ध्यात थांबते, ६ चौ. मिमी. वायरीत ती अर्ध्या व्होल्टवर येते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. ओढे ओलांडणाऱ्या गाडीत तळाजवळचे भाग आयपी ६७ दर्जाचे (धूळ-पाणी रोखण्याचे माप) हवेत; आयपी ६५ फवारा सोसते, बुडणे नाही.

कायदा

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातला 'इनव्हॅलिड कॅरेज' हा शब्द गेला आणि 'ॲडॅप्टेड व्हेईकल' आला. कलम ५२ खाली फेरबदलाची नोंद आरटीओकडे करून आरसीवर घ्यावी लागते, आणि परवान्यातही हा वर्ग असतो. विमा कंपनीला लेखी कळवले नाही तर दाव्याच्या वेळी हाच मुद्दा निघतो.

अडकल्यावर

एकट्या गाडीने जायचे नाही. दोन गाड्या आणि एक धडधाकट माणूस एवढे किमान. पुढे विंच (दोराने गाडी ओढून काढणारे यंत्र) असेल तर वजनाच्या दीडपट ओढीची आणि रिमोटवर चालणारी, पण दोर झाडाला बांधायला खाली कोणीतरी हवेच. टायरची हवा कमी करणे डांबर संपण्याआधी, कडक जमिनीवर, खुर्चीवर बसूनच उरकावे.

गाडी तयार झाली की परसातच चाचणी घेता येते. डाव्या-उजव्या चाकांमध्ये साधारण दीड मीटर अंतर असलेल्या गाडीची एका बाजूची दोन्ही चाके २६ सेंमी. उंच ओट्यावर चढवली की सुमारे १० अंशांचा कल मिळतो. अशा स्थितीत, बॅटरीचे टर्मिनल काढून, चालकाने पट्टे सोडावेत, दार उघडून अडकवावे, खुर्ची काढून जोडावी आणि खाली यावे; मग गाडी उलट बाजूला कलवून पुन्हा. यात जिथे हात अडकतो, तो भाग बदलून मगच पाणंदीत जावे.