ब्रेकनळी (जुन्या मोटारींतील)

ब्रेकनळी : मास्टर सिलिंडरमधील (ब्रेकचे पेडल दाबताच तेल रेटणारा मुख्य सिलिंडर) तेलाचा दाब चाकांच्या सिलिंडरांपर्यंत नेणारी धातूची बारीक नळी. बाहेरचा व्यास बहुधा ३/१६ इंच (४.७६ मिमी.). चाकाजवळचा रबरी होज हा निराळा भाग होय. सोलापूरच्या गॅरेजांत ‘ब्रेक पाइप’ हाच शब्द रूढ आहे.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकचे श्रेय कोणाचे, याविषयी एकमत नाही. माल्कम लॉकहीड (विमाने बांधणाऱ्या लॉकहीड बंधूंपैकी एक) यांचे पेटंट साधारणपणे १९१७ चे मानतात. चारही चाकांना असे ब्रेक देणारी पहिली विक्रीची मोटार म्हणून ड्यूसेनबर्गचा (१९२१) उल्लेख होतो. लॉकहीड यांच्या रचनेत चामड्याची सील होती व ती गळत. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी तेथील अभियंत्यांनी त्यांच्या जागी रबरी वाट्या आणल्या. प्रस्तुत नोंदकाराचा कल या दुरुस्तीला अधिक महत्त्व देण्याकडे आहे. ब्रेक खात्रीचे झाले ते तिच्यामुळे. ब्रेकमध्ये इंजिन ऑइल घालू नये, याचे कारणही याच वाट्या : खनिज तेलाने त्या फुगतात.

नळी मुळात तांब्याच्या झाळणाने जोडलेल्या दुहेरी पोलादी पत्र्याची असते. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्या गाडीपेक्षा येथे गंज उशिरा धरतो. परंतु शेतवाटेची काळी माती मडगार्डच्या आत आणि नळीच्या क्लिपांखाली चिकटून ओल धरते. वरून धड दिसणारी नळी क्लिप काढताच खाली खवले पडलेली निघते. सुरुवातीच्या ॲम्बॅसडर व पद्मिनी गाड्यांत चारही चाकांना तेलाची वाट एकच; एक नळी फुटली की सगळेच ब्रेक जातात.

घरी नळी बदलताना बदली म्हणून तांबे-निकेल मिश्रधातूची (निकेल सुमारे १० टक्के) नळी चांगली : हाताने वळते, गंजत नाही. फ्रिज-एसीची निव्वळ तांब्याची नळी स्वस्त पडते. पण थरथरीने ती कडक होऊन तडकते, म्हणून ती वर्ज्य.

जुनी नळी शक्यतो अखंड काढून तिच्या शेजारी नवी वळवतात. लांबी सुतळीने मोजतात. कटरने काटकोनात कापून आतली कोर साफ करतात. नट आधी ओवून मगच टोक फुलवायचे (जोडात घट्ट बसावे म्हणून नळीचे तोंड रुंद करायचे). हे विसरलेले टोक कापून टाकावे लागते, आणि बहुतेकांचे एकदा तरी ते वाया गेलेले असते. फुलवण्याचे प्रकार दोन : दुहेरी घडीचा ४५ अंशांचा फ्लेअर आणि बुडबुड्याच्या आकाराचा. पहिल्यात ठोकळीने टोक आधी फुगवतात, मग शंकूने आत दुमडतात. ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत दोन्ही सापडतात. प्रत्येक टोक जुन्याशी ताडून पाहावे.

खरी फसगत आट्यांत होते. ॲम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्डची, पद्मिनी फियाट ११०० ची वंशज; म्हणजे एकीचे आटे इंची, दुसरीचे मेट्रिक. ३/८ इंची नट (९.५ मिमी., इंचाला २४ आटे) १० मिमी.च्या बारीक आट्यांच्या भोकात ढिला का होईना फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो आणि दाबाखाली निसटतो. नट पहिले काही फेरे बोटांनीच फिरवावा. पान्याने सुरुवात करू नये.

तेल डॉट ३ किंवा ४ (ब्रेकच्या तेलाच्या प्रती), नव्या बंद डब्यातले. ते हवेतला ओलावा शोषते : डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडे असता किमान २०५° से., ओलावल्यावर १४०° से. पर्यंत खाली येतो. तुळजापूरच्या घाटउतारावर ब्रेक तापले की हा फरक जाणवू शकतो. तेल रंगही उतरवते. सांडल्यास लगेच पाणी ओतावे.

नळ्यांत शिरलेली हवा काढण्याचे काम सर्वांत लांबच्या चाकापासून, उजव्या सुकाणूच्या गाडीत सहसा मागच्या डाव्या चाकापासून, सुरू करतात. पेडल सोडण्यापूर्वी निपल (चाकाच्या सिलिंडरवरचा हवा सोडण्याचा स्क्रू) बंद केला नाही तर हवा पुन्हा आत ओढली जाते. शेवटी मिनिटभर पेडल जोराने दाबून धरावे व दुसऱ्याने प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद धरून पाहावा. डाग पडला तर गाडी हलवू नये.