डेटाबेसमधली वेळ साडेपाच तास मागे का दिसते?

महापे किंवा ऐरोलीतल्या एखाद्या कार्यालयात १ एप्रिलच्या पहाटे सव्वादोनला आलेली ऑर्डर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पीएसक्यूएल या कमांड लाइन क्लायंटमध्ये पाहिली, तर कधीकधी समोर ३१ मार्च, २०:४५ अशी वेळ येते. फरक साडेपाच तासांचाच आहे, पण त्याने तारीख बदलते आणि तारखेबरोबर आर्थिक वर्षही, त्यामुळे हिशेब पाहणाऱ्याला धसका बसणे साहजिक आहे. नोंद मात्र बहुधा बिनचूक असते.

'टाइमस्टॅम्पटीझेड' (टाइमझोनसह वेळ) प्रकारचा रकाना १ जानेवारी २००० च्या यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून मोजलेल्या मायक्रोसेकंदांची एकच संख्या आठ बाइटमध्ये साठवतो; नोंद ठाण्यातून झाली की टोकियोतून, याचा मागमूस तिच्यात उरत नाही. वाचताना सर्व्हर चालू सत्राच्या (म्हणजे त्या वेळच्या जोडणीच्या) टाइमझोननुसार त्या संख्येला तारीख-वेळेचे रूप देतो, आणि हा टाइमझोन येतो कुठून, याबाबतच बहुतेकांची गफलत होते. आपला लॅपटॉप भारतीय वेळेवर असला तरी पीएसक्यूएल ते सर्व्हरला आपणहून कळवत नाही. टाइमझोन कळवणारे 'पीजीटीझेड' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल किंवा वापरकर्त्यासाठी वेगळी सेटिंग नसेल, तर सर्व्हरचाच टाइमझोन लागू होतो, आणि सर्व्हर सहसा यूटीसीवर ठेवलेले असतात. जावात लिहिलेल्या ॲपला डेटाबेसशी जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर मात्र जोडणी करतानाच आपला टाइमझोन पाठवतो. म्हणून तीच ऑर्डर ॲपमध्ये १ एप्रिलची आणि कमांड लाइनवर ३१ मार्चची दिसते, आणि दोन्ही उत्तरे खरी असतात.

सत्राचा टाइमझोन 'एशिया/कोलकाता' केला की पीएसक्यूएलमध्येही सव्वादोन दिसू लागतात. तिथे 'यूटीसी+५:३०' लिहिण्याचा मोह टाळावा, कारण पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या मानकातल्या जुन्या संकेतानुसार अशा लिखाणातले अधिक चिन्ह ग्रीनिचच्या पश्चिमेचे असते. आपली ऑर्डर मग ३१ मार्चच्या दुपारी १५:१५ वर, म्हणजे भारतीय वेळेच्या तब्बल अकरा तास मागे जाते.

खरे नुकसान होते ते कोणी घाईने रकान्यातच साडेपाच तास मिळवणारी अपडेट चालवतो तेव्हा. कमांड लाइनवरची वेळ तेवढ्यापुरती बरोबर भासते, पण साठवलेला क्षणच बदललेला असल्याने ॲपमध्ये ऑर्डर सकाळी पावणेआठची होते. त्यानंतर नव्या नोंदी येत राहिल्या, की कोणत्या ओळी बदलल्या आणि कोणत्या मूळच्या, हे वेगळी खूण ठेवली नसेल तर ओळखणे फार कठीण जाते. रकाना टाइमझोन नसलेला साधा 'टाइमस्टॅम्प' असेल, तर सत्राची सेटिंग बदलूनही दिसणारी वेळ हलत नाही. म्हणून काहीही दुरुस्त करण्यापूर्वी रकान्याचा प्रकार पाहून घ्यावा.