झाडाची किंमत वयाने गुणून निघत नाही

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने एका झाडाचं मोल वर्षाला 74,500 रुपये धरल्याची बातमी 2021 मध्ये आली. ती अजूनही दर पावसाळ्यात व्हॉट्सअॅपवर उगवते. त्यातले 45,000 रुपये नुसत्या ऑक्सिजनचे. झाडाच्या वयाला 74,500 ने गुणायचं, की शंभर वर्षांचं झाड साडेचौऱ्याहत्तर लाखांचं! हेतू चांगला आहे, पण हे गणित टिकत नाही, आणि कच्च्या गणिताने जंगल वाचत नाही.

ऑक्सिजनचं आधी. मुरलेलं जंगल जेवढा ऑक्सिजन सोडतं, जवळजवळ तेवढाच झाडांच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजण्यात खर्ची पडतो. हवेत तो 21 टक्के आहे. त्याची टंचाई नाही, म्हणून त्याला बाजारभावही नाही. जंगलाची खरी कमाई म्हणजे धरून ठेवलेली माती, उन्हाळ्यातही वाहणारे झरे, साठलेला कार्बन, तेंदू, मोह, बांबू.

दुसरी चूक वयाने गुणण्याची. कुऱ्हाड चालवायची की नाही हे ठरवताना झाडाने मागे काय दिलं ते उपयोगाचं नाही. तोडलं तर पुढचं काय बुडेल ते मोजायला हवं. इथेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं गणित येतं: निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजेच एनपीव्ही.

समजा एक हेक्टर जंगल दरवर्षी एक लाखाचा लाभ देतं, कायमचा. पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या लाखाची आजची किंमत किती? आज दरसाल 5 टक्के व्याजाने जेवढे पैसे ठेवले तर पन्नास वर्षांत लाख होतील, तेवढी: सुमारे 8,700 रुपये. दर 10 टक्के धरा, उरतात फक्त 850. अशी सगळी वर्षं बेरजेत घेतली तर 5 टक्क्यांनी हे जंगल 20 लाखांचं ठरतं, 10 टक्क्यांनी 10 लाखांचं आणि 2 टक्क्यांनी 50 लाखांचं. जंगल तेच, पाऊस तोच. फक्त दर बदलला. 5 टक्क्यांच्या हिशोबात पन्नासाव्या वर्षानंतरचा सगळा काळ, म्हणजे आपल्या नातवंडांचा आणि त्यांच्या पुढच्यांचा, 20 पैकी जेमतेम पावणेदोन लाखांचा. 10 टक्क्यांत तो साडेआठ हजारांवर येतो.

याचं आणखी भयंकर टोक कॅनडातले गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी 1973 मध्ये व्हेलच्या शिकारीबाबत दाखवलं. एखादी प्रजाती व्याजदरापेक्षा हळू वाढत असेल, तर सगळी मारून पैसे गुंतवणं मालकाला फायद्याचं ठरू शकतं. हळू वाढणाऱ्या झाडांनाही हे लागू पडतं. म्हणून ‘जंगलाची किंमत लावली की ते आपोआप वाचेल’ हा प्रचार मला पटत नाही. दर कोण ठरवतो, हे आधी विचारावं.

आपल्याकडे हा हिशोब कायद्यात आला आहे. वनजमीन खाण किंवा रस्त्यासाठी वळवली की एनपीव्ही भरावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये मान्य केलेले दर हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये होते. अभयारण्यासाठी पाचपट, राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट. पुढे ते वाढवले गेले. भरणा मात्र एकरकमी. 2016 च्या कायद्यानुसार त्यातला 90 टक्के वाटा राज्याच्या निधीत जातो आणि 10 टक्के राष्ट्रीय निधीत. ज्या गावाचा मोह आणि झरा गेला, त्याच्या ग्रामसभेच्या खात्यात तो थेट येत नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने वेगळी वाट धरली. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाल्यावर एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक तिच्या हाती आलं आणि गावाने स्वतः बांबू विकला. बांबूचा नवा कोंब एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो. पक्के बांबू काढले आणि कोवळे राखले तर बेट तसंच उभं राहतं. इथे वाढ व्याजाच्या पुढे धावते, आणि पुढच्या वर्षीचं उत्पन्न ज्यांचं, तोडीचा निर्णयही त्यांचाच.