ओढ्यातले ओंडके सामन माशांची वाट अडवतात?

‘ओढ्यात पडलेली झाडं काढली की सामनला अंडी घालायला वर जाता येतं,’ हा जुना समज. अमेरिकेतल्या ओरेगन-वॉशिंग्टनच्या जंगलांत १९५० ते १९७० च्या दशकांत ओढे असेच साफ केले गेले. समज अगदीच निराधार नव्हता. लाकूडतोडीचा कचरा कुठेकुठे खरंच तुंबायचा. पण बहुतेक ओंडक्यांच्या खालून, बाजूने पाणी वाहतं, मासाही जातो. शिवाय ओंडक्यावरून पडणारं पाणी तळ खणतं, डोह होतो. हिवाळी पुरात कोहो जातीच्या सामनची पिल्लं अशाच आडोशाला टिकतात. वरच्या अंगाला खडी अडते. मादी शेपटीने खड्डा करून अंडी घालते ती खडीतच.

पडताळायचं तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर सारख्याच उताराचे दोन टप्पे पाहा, एक ओंडक्यांचा, एक साफ केलेला. डोह मोजा, काठीने खोली घ्या, तळाचे खडे उचलून पट्टीने मापा. साफ टप्प्यात बहुधा उथळ धार आणि उघडा कातळच लागतो.